आसगावचा नेव्हिल आणि मुंबईची आठवण



फुटबॉल हा काही या व्यासपीठाचा नेहमीचा विषय नव्हे. येथे कामगार कायद्यांवर, सहकारावर, भाषावार प्रांतरचनेवर व्याख्याने होतात. चेंडूच्या खेळाची चर्चा बहुधा चहाच्या वेळी होते. तरीही ज्या माणसाविषयी आज सांगावयाचे आहे, त्याच्या आयुष्यातील एका पंधरवड्यात गोव्याचा मुक्तिलढा, हंगेरीतील उठाव, मुंबईतील संयुक्त महाराष्ट्राचे आंदोलन आणि बाबासाहेब आंबेडकरांची अंत्ययात्रा या साऱ्या गोष्टी एकमेकींना येऊन भिडतात. त्या माणसाचे नाव नेव्हिल डिसूझा. 1 डिसेंबर 1956 रोजी मेलबर्नच्या ऑलिम्पिक स्पर्धेत भारताने ऑस्ट्रेलियाला 4-2 असे हरविले. त्या चार गोलांपैकी तीन एकट्या नेव्हिलचे होते. ऑलिम्पिक फुटबॉलमध्ये एकाच सामन्यात तीन गोल करणारा पहिला आशियाई खेळाडू म्हणून त्याचे नाव घेतले जाते. स्पर्धा संपली तेव्हा त्याच्या नावावर चार गोल होते. युगोस्लाव्हियाचा वेसेलिनोविच आणि बल्गेरियाचा मिलानोव यांच्या बरोबरीने तो त्या ऑलिम्पिकमध्ये सर्वाधिक गोल करणारा ठरला.

एवढे ज्याच्या खात्यावर आहे, त्याचे नाव मुंबईच्या रस्त्यावर दहा माणसांना विचारून पाहावे. क्रिकेटच्या कसोटीत 1956 साली कोणी किती धावा केल्या हे तोंडपाठ सांगणारा माणूस सहज सापडेल. नेव्हिलचे नाव मात्र धोबीतलावच्या, भायखळ्याच्या, वांद्र्याच्या आणि माझगावच्या ठराविक घरांपलीकडे पोहोचत नाही. त्या घरांतही ते नातवंडांच्या कानावर पडते ते एखाद्या रविवारी, आजोबांचा मूड लागला तर.

या पुसट होत गेलेल्या आठवणीचा शोध घ्यायचा तर आरंभ कूपरेजपासून करावा लागतो. रोव्हर्स करंडकाची स्पर्धा मुंबईत 1891 साली सुरू झाली ती गोऱ्या पलटणींसाठी. भारतीय संघाने ती पहिल्यांदा जिंकली ती 1937 मध्ये, आणि तो संघ बंगलोर मुस्लिम्सचा होता. स्वातंत्र्यानंतर या स्पर्धेवर हैदराबाद सिटी पोलीस संघाचे राज्य आले; 1950 ते 1954 अशी लागोपाठ पाच वर्षे करंडक त्यांनी नेला. या संघाला घडविणारे सय्यद अब्दुल रहीम हे मूळचे शाळामास्तर. रहीमसाहेबांची शिकवणी मुंबईकर प्रेक्षक दरवर्षी फुकटात पाहत होता असे म्हटले तरी चालेल. पोलीस संघाचे खेळाडू लहान लहान पास देत, चेंडू जमिनीलगत ठेवीत पुढे सरकत, आणि कूपरेजच्या बाकांवर बसलेली मंडळी तो खेळ डोळ्यांत साठवून घेत.

ही मंडळी कोण होती? क्रिकेटच्या प्रेक्षकवर्गाहून ती निराळी होती. गोव्याहून पोटासाठी आलेले खलाशी, स्वयंपाकी, बँडवाले, शिंपी. नागपाडा-मदनपुऱ्यातील मुसलमान कारागीर आणि गिरणी कामगार. पोलीस, रेल्वे आणि तेल कंपन्यांतील कारकून. गोवेकरांच्या वस्तीची मुंबईत एक खास व्यवस्था होती. गावागावाच्या नावाने चालणारे क्लब, ज्यांना ते 'कूड' म्हणत. एका मोठ्या खोलीत भिंतीशी पेट्यांची रांग, मधोमध अल्तार, संध्याकाळी तेर्स, आणि महिन्याला नाममात्र वर्गणी. बोटीवरून उतरलेला खलाशी पुढची बोट मिळेपर्यंत तेथे राही. कामगार चळवळीतील कार्यकर्त्यांनी खोली भाड्याने घेऊन चालविलेल्या खाणावळींशी ज्यांचा परिचय आहे, त्यांना या कुडांचे अर्थशास्त्र नव्याने समजावून सांगावे लागणार नाही. अशा वस्तीत फुटबॉल हा विरंगुळ्याइतकाच ओळखीचा प्रश्न होता. कूपरेजवर टाटाच्या किंवा कॅल्टेक्सच्या जर्सीत एखादा गोवेकर उतरला की तो कंपनीचा राहत नसे. तो अमक्या गावचा, तमक्याचा भाचा होई.

नेव्हिल स्टीफन डिसूझा हा बार्देशातील आसगावचा. जन्म 3 ऑगस्ट 1932. त्याची कारकीर्द मात्र मुंबईत घडली. टाटा स्पोर्ट्स क्लब आणि पुढे कॅल्टेक्स अशा कंपन्यांच्या संघांतून तो खेळला. 1954 साली संतोष करंडक मुंबईकडे पहिल्यांदा आला, त्या संघात तो होता. त्याचा भाऊ डेरेक हाही नाणावलेला फुटबॉलपटू. मधल्या फळीतून आलेल्या चेंडूची वाट पाहत बचावफळीच्या खांद्याला खांदा लावून उभे राहायचे आणि नेमक्या क्षणी मोकळ्या जागेत सटकायचे, ही नेव्हिलची ख्याती. योग्य वेळी योग्य जागी असणे या गुणाचे छायाचित्र निघत नाही. धावणे दिसते, ड्रिबलिंग दिसते. जागा ओळखणे दिसत नाही. स्मरणातून असे खेळाडू लवकर निसटतात त्याचे हेही एक कारण असावे.

आता 1956 सालाकडे वळू. त्या वर्षी आसगाव कोणत्या देशात होते? भारताच्या दृष्टीने परकीय सत्तेने बळकावलेल्या प्रदेशात, आणि सालाझारच्या दृष्टीने पोर्तुगालच्या एका 'सागरापलीकडील प्रांता'त. डॉ. लोहियांनी 18 जून 1946 रोजी मडगावात सभाबंदी मोडली, तेथून या लढ्याच्या नव्या पर्वाला सुरुवात झाली. 1955 च्या मे महिन्यात नानासाहेब गोरे आणि सेनापती बापट सत्याग्रहींची तुकडी घेऊन सरहद्द ओलांडून गेले. जुलैत मधू लिमये गेले. 15 ऑगस्ट 1955 रोजी पोर्तुगीजांच्या गोळीबारात वीसहून अधिक निःशस्त्र सत्याग्रही पडले. त्यानंतर भारत सरकारने नाकेबंदी केली, पणजीतील वकिलात बंद झाली, रेल्वेची ये-जा थांबली. मुंबईच्या कुडांत राहणाऱ्या हजारो गोवेकरांसाठी याचा अर्थ साधा होता : घरी जाण्याची वाट बंद, पैसे पाठविण्याची वाट बिकट. एका बाजूने मुंबईत त्यांच्याकडे संशयाने पाहणारे होते, कारण नाव डिसूझा आणि प्रार्थनेच्या भाषेत पोर्तुगीज शब्द. दुसऱ्या बाजूने गोव्यात पोर्तुगीज पोलीस मुंबईहून येणाऱ्या प्रत्येक पत्राकडे संशयाने पाहत होते. याच समाजातून पीटर अल्वारिस यांच्यासारखा समाजवादी नेता गोवा नॅशनल काँग्रेसचे नेतृत्व करीत होता, हे त्या संशयखोरांना सोयिस्करपणे आठवत नसे.

अशा वेळी आसगावचा एक चोवीस वर्षांचा तरुण भारताची जर्सी घालून मेलबर्नच्या मैदानावर उतरला. त्या दिवशी नानासाहेब आणि मधू लिमये पोर्तुगीजांच्या कैदेतच होते; त्यांची सुटका व्हावयास 1957 चा फेब्रुवारी उजाडावा लागला. आग्वादचा किल्ला, जेथे सत्याग्रही डांबले गेले, तो बार्देशातच आहे. आसगाव त्याच तालुक्यातले. नेव्हिलने या योगायोगावर काही भाष्य केल्याचे ऐकिवात नाही, आणि त्याच्या तोंडी एखादे राजकीय वाक्य घालून त्याला हुतात्म्यांच्या रांगेत बसविण्याचे कारणही नाही. तो गोल करण्यासाठी गेला होता. परंतु कुडातील ज्या माणसाने दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात त्याचे नाव 'भारत' या शब्दाशेजारी छापलेले पाहिले, त्याच्या लेखी त्या बातमीला खेळापलीकडचा काही अर्थ नसेल असे मानणे कठीण आहे. गोवेकर माणूस कोणत्या देशाचा, या प्रश्नावर तेव्हा राजनैतिक खलिते लिहिले जात होते. धोबीतलावापुरते त्याचे उत्तर त्या दिवशी 4-2 असे आले.

सामन्याचा तपशील थोडक्यात असा. नवव्या मिनिटाला नेव्हिलने पहिला गोल केला. ऑस्ट्रेलियाच्या ब्रूस मॉरोने बरोबरी साधली. तेहतिसाव्या मिनिटाला नेव्हिलचा दुसरा गोल, आणि मध्यंतरापूर्वी मॉरोची पुन्हा बरोबरी. मध्यंतरानंतर पाचव्याच मिनिटाला नेव्हिलचा तिसरा, आणि शेवटी शेवटी किट्टूचा चौथा. समर बॅनर्जी कर्णधार, उजव्या बगलेवर प्रदीपकुमार बॅनर्जी, गोलरक्षणास थंगराज आणि मुंबईचा नारायण, हैदराबादचे अझीझ, लतीफ, नूर महंमद, तुळसीदास बलराम आणि झुल्फिकार : हा संघ वाचला तरी लक्षात येते की तो कोणत्या एका प्रांताचा वा पंथाचा नव्हता. फाळणीला अवघी नऊ वर्षे झाली होती.

येथपर्यंतची कथा अभिमानाने सांगावी अशीच आहे, आणि फुटबॉलचे जुने चाहते ती तशी सांगतातही. पण चाहत्याच्या आठवणीचा एक दोष असा की ती आकडे बदलत नाही, फक्त काही आकडे गाळते. 'त्या काळी भारत जगात चौथा होता' हे वाक्य आजही ऐकू येते. ते खरे नाही. भारत ऑलिम्पिकमध्ये चौथा आला, आणि त्या ऑलिम्पिकच्या फुटबॉल स्पर्धेत अवघे अकरा संघ उतरले होते. भारताचा पहिला सामना हंगेरीशी व्हावयाचा होता. तो झालाच नाही. 4 नोव्हेंबर 1956 रोजी सोव्हिएत रणगाडे बुडापेस्टमध्ये शिरले होते. हंगेरीच्या फुटबॉल संघाने माघार घेतली आणि भारताला पुढे चाल मिळाली. त्याच अत्याचाराच्या निषेधार्थ हॉलंड, स्पेन आणि स्वित्झर्लंड यांनी ऑलिम्पिकवर बहिष्कार घातला. सुएझच्या प्रश्नावरून इजिप्त, इराक आणि लेबनॉन यांनी. भारत सरकारने हंगेरीच्या बाबतीत दाखविलेल्या दिरंगाईवर जयप्रकाशजींनी त्या वेळी कठोर टीका केली होती, हे जुन्या कार्यकर्त्यांना सांगावयास नको. म्हणजे ज्या बुडापेस्टच्या रस्त्यांवर कामगारांच्या परिषदा रणगाड्यांशी झुंजत होत्या, तेथील संघाच्या रिकाम्या जागेवरून भारत उपांत्यपूर्व फेरीत गेला. उपांत्य फेरीत युगोस्लाव्हियाकडून 4-1 आणि कांस्यपदकासाठीच्या सामन्यात बल्गेरियाकडून 3-0 असा पराभव झाला. संपूर्ण स्पर्धेत भारताने जिंकलेला सामना एकच, तो ऑस्ट्रेलियाविरुद्धचा, आणि तो नेव्हिलचा.

आणखी एक गाळलेली गोष्ट. ऑलिम्पिकला त्या काळी फक्त हौशी खेळाडू चालत. पैसे घेऊन खेळणारे इंग्लंड-इटलीचे नामांकित खेळाडू त्यामुळे बाहेर राहत. पूर्व युरोपातील राज्ये आपल्या उत्तम खेळाडूंना कागदोपत्री सैनिक किंवा कारखान्याचे नोकर दाखवीत आणि पूर्ण ताकदीनिशी उतरत. भारतीय खेळाडूही नोकरदारच, पोलिसांचे, रेल्वेचे, तेल कंपनीचे. फरक इतकाच की पूर्व युरोपात नोकरीचे नाव घेऊन फुटबॉल शिकविला जाई, आणि येथे बहुतेकांना नोकरी सांभाळून फुटबॉल खेळावा लागे. तेव्हा चौथ्या क्रमांकाची किंमत वाढवूही नये आणि कमीही लेखू नये.

किंमत ठरवायची तर खरी फूटपट्टी हाताशी आहे, आणि ती चाहते क्वचितच वापरतात. 1948 मध्ये लंडनला भारताचे बहुतेक खेळाडू अनवाणी खेळले आणि फ्रान्सकडून 2-1 असे हरले. 1952 मध्ये हेलसिंकीला युगोस्लाव्हियाने भारताला 10-1 असे लोळविले; त्यानंतर बूट सक्तीचे झाले. त्याच युगोस्लाव्हियाविरुद्ध 4 डिसेंबर 1956 रोजी मध्यंतरापर्यंत भारताने गोल होऊ दिला नाही, आणि मध्यंतरानंतर पहिला गोल झाला तो भारताचा, नेव्हिलचा. काही मिनिटे भारत ऑलिम्पिकच्या अंतिम फेरीच्या उंबरठ्यावर उभा होता. मग सामना हातचा गेला. पण दहा गोलांवरून चार गोलांवर, आणि अनवाणी पायांवरून आघाडीवर, हा चार वर्षांचा प्रवास रहीमसाहेबांच्या शाळामास्तरी शिस्तीने घडविला. जगात चौथे असण्याच्या फुशारकीपेक्षा हा हिशेब अधिक मोलाचा आहे. कारण तो सांगतो की शिक्षण, सराव आणि थोडी स्थिरता मिळाली तर गरीब देशातील नोकरदार माणसे किती लवकर शिकतात. ऑलिम्पिकनंतर काही दिवसांनी सिडनीत ऑस्ट्रेलियाशी पुन्हा एक सामना झाला. तो भारताने 7-1 असा जिंकला, तेव्हा मेलबर्नचा निकाल नशिबाचा होता असे म्हणणाऱ्यांची तोंडे बंद झाली असावीत.

मग एवढे असूनही मुंबईने हे का विसरावे? क्रिकेटने सारे गिळले, हे उत्तर नेहमी दिले जाते, आणि त्यात तथ्य आहे. पण ते अपुरे आहे. त्या आठवड्याचे पंचांग समोर ठेवले तर निराळेच काही दिसते. 1 नोव्हेंबर 1956 रोजी महाराष्ट्रावर द्वैभाषिक लादले गेले होते. मुंबईच्या रस्त्यांवरचे रक्त पुरते वाळले नव्हते आणि घराघरांत चर्चा होती ती येऊ घातलेल्या निवडणुकीची आणि समितीची. 6 डिसेंबरला मेलबर्नमध्येच भारताने पाकिस्तानला 1-0 असे हरवून हॉकीचे सुवर्णपदक जिंकले. सुवर्णपदकापुढे फुटबॉलचा चौथा क्रमांक कोण विचारतो? आणि त्याच 6 डिसेंबरच्या पहाटे दिल्लीत बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले. 7 डिसेंबरला, ज्या दिवशी मेलबर्नमध्ये भारत बल्गेरियाविरुद्ध कांस्यपदकासाठी खेळत होता, त्या दिवशी मुंबईत दादरच्या चौपाटीकडे लाखोंचा जनसागर लोटला होता. त्या दिवशी या शहराने फुटबॉलची बातमी वाचली नसेल तर तिला विस्मरण म्हणता येणार नाही. शहराला त्याहून मोठे दुःख होते. नागपाड्याच्या, भायखळ्याच्या चाळींतून कूपरेजला जाणारी कितीतरी माणसे त्या दिवशी अंत्ययात्रेतच असणार.

विस्मरणाचा दोष द्यावयाचा तो त्यानंतरच्या वर्षांना. अर्जुन पुरस्कार 1961 मध्ये सुरू झाला, मेलबर्ननंतर पाच वर्षांनी. तोपर्यंत प्रकाशझोत पुढच्या पिढीवर गेला होता. 1962 च्या जाकार्ता आशियाई स्पर्धेत रहीमसाहेबांच्या संघाने सुवर्णपदक मिळविले, आणि पुढच्याच वर्षी कर्करोगाने ते गेले. नेव्हिलच्या कारकिर्दीचा बहर त्याआधीच ओसरला होता. गोवा 19 डिसेंबर 1961 रोजी मुक्त झाला. त्यानंतर गोव्याचे स्वतःचे फुटबॉल उभे राहिले. खाणमालकांच्या पैशावर उभे राहिले हे खरे, पण साळगावकर, धेंपो अशा क्लबांतून ब्रह्मानंद शंखवाळकर, ब्रूनो कुतिन्हो यांच्यासारखे भारताचे कर्णधार निघाले. स्वाभाविकच गोव्याची आठवण या क्लबांभोवती गुंफली गेली. नेव्हिल गोव्याच्या कोणत्याच क्लबाचा नव्हता, आणि मुंबईच्या लेखी तो गोव्याचा होता. स्थलांतरित कामगाराची ही जुनीच गत आहे. गावाच्या नोंदवहीत तो परगावी गेलेला, आणि शहराच्या नोंदवहीत तो बाहेरून आलेला.

तिसरे कारण कंपन्यांच्या संघांत दडलेले आहे, आणि कामगार चळवळीतील मंडळींनी त्याकडे विशेष लक्ष द्यावे. कूपरेजवर जे संघ खेळत ते टाटा, कॅल्टेक्स, महिंद्र, मफतलाल, ओर्के मिल्स, एअर इंडिया अशा आस्थापनांचे. कारखानदारांना यात जाहिरात दिसे, हे उघड आहे. पण खेळाडूच्या बाजूने पाहिले तर त्या करारात एक ठोस गोष्ट होती : पगारपत्रकावरचे नाव. गुडघा गेला तरी नोकरी जात नसे. तिसाव्या वर्षी मैदानातून बाहेर पडलेला खेळाडू अठ्ठावन्नाव्या वर्षी भविष्यनिर्वाह निधी घेऊन घरी जाई. आज कोणाला ही व्यवस्था मागासलेली वाटेल; ती मालकाच्या मर्जीवर चालणारी होती आणि खेळाडूंची तीत संघटना नव्हती, हा तिचा मोठा दोषही होता. मालकाला ताळेबंदात खेळ परवडेनासा झाला की संघ मोडे, आणि विचारणारे कोणी नसे. गिरण्या बंद पडल्या, त्यांचे संघ गेले. रोव्हर्स करंडक 2000-01 च्या हंगामानंतर थांबला. महिंद्रचा संघ 2010 मध्ये विसर्जित झाला. 2014 मध्ये झगमगाटाची नवी लीग आली, तीत कंपनीची नोकरी नाही, ठराविक हंगामांचा करार. 2025 मध्ये व्यापारी हक्कांच्या करारावरून त्या लीगचा हंगाम अडला, तेव्हा काही क्लबांनी खेळाडूंचे पगारच थांबविले. नेव्हिलच्या पिढीतील कारकून-फुटबॉलपटूला निदान महिन्याची एक तारीख माहीत होती.

संघ गेला की त्याचे चाहतेही पांगतात, हे लक्षात घ्यावयास हवे. मोहन बागान किंवा ईस्ट बंगाल यांच्या चाहत्याला आठवण जपण्यासाठी एक घर आहे. क्लबाची इमारत आहे, सभासदत्व आहे, बापाकडून मुलाकडे जाणारा रंग आहे. कॅल्टेक्सचे काय? 1958 चा रोव्हर्स करंडक कॅल्टेक्सने जिंकला. आज ती कंपनीच भारतात त्या नावाने उरलेली नाही. पेट्रोल विकणाऱ्या कंपनीच्या नावाने पोराला लहानाचे मोठे कोण करील? म्हणून मुंबईच्या फुटबॉलची आठवण क्लबांत राहिली नाही. ती माणसांत राहिली, आणि माणसांबरोबर जात आहे. नेव्हिल स्वतः 16 मार्च 1980 रोजी मेंदूतील रक्तस्रावाने गेला. वय सत्तेचाळीस. मेलबर्नच्या संघातील प्रदीपकुमार बॅनर्जी 2020 मध्ये, नारायण 2021 मध्ये, समर बॅनर्जी 2022 मध्ये आणि बलराम 2023 मध्ये गेले. 2024 मध्ये रहीमसाहेबांच्या जीवनावर 'मैदान' हा हिंदी चित्रपट आला आणि नेव्हिलचे नाव तरुणांच्या कानावर पडले, हे चांगलेच झाले. मात्र चित्रपटाला नायक एकच लागतो. तीन गोल मारणारा त्यात इतरांपैकी एक असतो, आणि ज्यांनी कूपरेजवर उभे राहून त्याला हाका मारल्या ते त्यात नसतातच.

या हाका मारणाऱ्यांकडे आता वळले पाहिजे, कारण काळ फार उरलेला नाही. 1956 साली जो पंधरा वर्षांचा होता तो आता ऐंशी ओलांडून गेला आहे. त्याची आठवण चुकीची असेल. तो युगोस्लाव्हियाविरुद्धचा गोल ऑस्ट्रेलियाविरुद्ध सांगेल, रोव्हर्सचा अंतिम सामना संतोष करंडकात नेऊन बसवील, नेव्हिल आणि डेरेक या भावांची गल्लत करील. निकाल आणि मिनिटे छापील नोंदींत आहेत. त्यासाठी त्याच्याकडे जाण्याची गरज नाही. त्याच्याकडे जायचे ते छापील नोंदींत नसलेल्या गोष्टींसाठी. मेलबर्नची बातमी कुडात कोणी मोठ्याने वाचून दाखविली? नाकेबंदीच्या दिवसांत ती गावी कशी कळविली, की कळविलीच नाही? त्या दिवसांत ट्राममध्ये कोणी 'पोर्तुगीज' म्हणून हिणविले होते काय, आणि 2 डिसेंबरला त्यात काही फरक पडला काय? कामावर रजा मिळत नसे तेव्हा सामन्याला कसे जात? बायका जात होत्या का, आणि जात असतील तर कोठे बसत?

शाखांच्या कार्यकर्त्यांना हे काम अवघड नाही. मतदारयाद्या तपासताना धोबीतलाव, माझगाव, वांद्रे, नागपाडा या भागांतील वृद्धांची घरे त्यांना ठाऊक होतातच. एक वही, दोन तास आणि न थांबविता ऐकण्याची सवय एवढे पुरे. सांगणाऱ्याची चूक तिथल्या तिथे सुधारू नये. ती तशीच लिहून घ्यावी आणि शेजारी समासात खरी तारीख टाकावी. सांगणाऱ्याची नोकरी, राहती खोली, त्या वेळचा पगार आणि तो कोणाबरोबर कूपरेजला जाई हेही टिपावे. कुडांपैकी काही अजून चालू आहेत. त्यांच्या भिंतींवर जुनी समूहचित्रे असतात, आणि त्यांतील माणसे नावानिशी ओळखणारा एखादा म्हातारा बहुधा त्याच इमारतीत राहतो. चित्राच्या मागे पेन्सिलीने नावे लिहून घेतली तरी पहिल्या दिवसाचे काम झाले.